एका पोटच्या गाड्या

छत्रपती संभाजीनगरमधल्या जाधववाडीच्या बाजार समितीत पहाटे भाजीचे क्रेट घेऊन येणाऱ्या तीनचाकी मालवाहू गाड्यांवर दोन नावे हमखास दिसतात, बजाज आणि अ‍ॅपे. पहिली शहराच्या उंबरठ्यावरच्या वाळूजमध्ये तयार होते, दुसरी बारामतीहून येते. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी दोन्ही कंपन्या गेली पंचवीस वर्षे एकमेकींशी झुंजत आहेत. पण या दोन्ही गाड्यांचे मूळ एकाच घरातले आहे.

दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या इटलीत स्वस्त मालवाहू वाहनाची गरज होती. व्हेस्पा स्कूटर घडवणारे कोर्राडिनो दास्कानिओ यांनी 1948 मध्ये त्याच स्कूटरला मागे दोन चाके आणि हौदा जोडून अ‍ॅपे तयार केली. पियाजिओ कंपनीची ही गाडी इटलीच्या गल्लीबोळांत रुजली आणि तिच्याच वंशातली तीनचाकी भारतात आली ती बजाजच्या नावाने. बजाजची मूळ कंपनी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन आधी व्हेस्पा आयात करून विकत असे. 1959 मध्ये सरकारचा परवाना मिळाला आणि पियाजिओशी करार करून बजाजने स्कूटर व रिक्षा येथेच बनवायला सुरुवात केली. 1971 मध्ये तो करार संपला आणि पुढे वाढला नाही. बजाजने मात्र उत्पादन थांबवले नाही. सुधारणा करत, स्वतःची इंजिने घडवत कंपनीने रिक्षाला पूर्ण आपलेसे केले. 1985 मध्ये वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि तिथल्या तीनचाकी पुढे आफ्रिकेपर्यंत पोहोचल्या.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पियाजिओ परतली, तीही याच राज्यात. ग्रीव्ह्ज कंपनीशी भागीदारी करून बारामतीत अ‍ॅपेचे उत्पादन सुरू झाले. काही वर्षांतच पियाजिओने ग्रीव्ह्जचा हिस्सा विकत घेतला, तरी दोघांचे नाते तुटले नाही. अ‍ॅपेच्या डिझेल गाड्यांना एक सिलिंडरचे इंजिन ग्रीव्ह्जच पुरवत राहिली, आणि ग्रीव्ह्जचा इंजिनांचा मोठा कारभार आहे तो संभाजीनगरात. म्हणजे वाळूजची बजाज आणि बारामतीची अ‍ॅपे बाजारात एकमेकींवर मात करू पाहत असताना अ‍ॅपेचे इंजिन बजाजच्या शेजारच्याच औद्योगिक वसाहतींमध्ये घडत होते. गुजरातच्या अतुल कंपनीच्या तीनचाकीलाही ग्रीव्ह्जचेच इंजिन असे. अ‍ॅपे घ्यावी की अतुल, असा प्रश्न पडलेला मालक पुष्कळदा त्याच इंजिनाभोवती बसवलेल्या दोन वेगवेगळ्या पत्र्यांमधून निवड करत होता.

त्याला ते माहीत असते तर काही बिघडले असते का? उलट फायदाच झाला असता. इंजिन उघडणारा मेकॅनिक तोच, पिस्टन-रिंगचा संच तोच. मालवाहू गाडी म्हणजे मालकाचे पोट. ती चार दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की कर्जाचा हप्ता थकतो. म्हणून व्यावसायिक गाडीच्या बाबतीत समोरच्या नावापेक्षा इंजिन कोणाचे, सुटे भाग कुठे मिळतात आणि दुरुस्ती कोण करतो हे आधी विचारणे जास्त शहाणपणाचे आहे. ग्रीव्ह्जच्या इंजिनावर हात बसलेले मेकॅनिक मराठवाड्यात तालुक्याच्या गावी सापडतात, आणि डिझेल अ‍ॅपेला त्याचा मोठा आधार मिळाला. बीएस-6 मानके आल्यावर पियाजिओने स्वतःचे 599 सीसीचे डिझेल इंजिन आणले. तेव्हा जुन्या गाडीचे आणि नव्या गाडीचे भाग वेगळे झाले. समोरचे नाव तेच राहिले, आतला कारागीर बदलला.

ट्रकच्या जगात ही गोष्ट मुळीच नवी नाही. 1954 पासून 1969 पर्यंत टाटांचे ट्रक डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने बनत आणि त्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचे चिन्ह आले. महाराष्ट्राला चांगलीच ठाऊक असलेल्या मॅटाडोरची वंशावळ तर कादंबरीसारखी गुंतागुंतीची आहे. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याने 1949 मध्ये पहिली मॅटाडोर काढली तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचे इंजिन होते. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन बाजारात आली आणि काही काळाने टेम्पोला मिळणारी इंजिने बंद झाली. ज्याच्यावर भिस्त ठेवली तोच प्रतिस्पर्धी झाला. नंतर टेम्पो हानोमागच्या हातात गेली, हानोमाग हेन्शेलशी जोडली गेली आणि अखेर सगळा पसारा डाइम्लर-बेंझकडे आला. या प्रवासात त्या घराण्याच्या व्हॅन टेम्पो, हानोमाग, हानोमाग-हेन्शेल आणि मर्सिडीज अशा नावांनी विकल्या गेल्या. भारतात फिरोदियांच्या बजाज टेम्पोने तिला आणखी एक नाव दिले आणि मर्सिडीजच्या आराखड्याचे डिझेल इंजिन बसवून ती खेडोपाडी पोहोचवली. ती कंपनी 2005 पासून फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते.

कंपन्या इंजिने आणि गाड्या अशा वाटून का घेतात, याचे उत्तर पैशात आहे. नव्या गाडीचे पत्रे ठोकणारे साचे, इंजिनाची चाचणी, अपघाताची चाचणी यांवर शेकडो कोटी जातात. तोच खर्च दोन नावांवर वाटला की प्रत्येक गाडीमागचा भार कमी होतो. मोठी व्हॅन घडवण्याचा खर्च फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनीही अनेक वर्षे वाटून घेतला होता. फोक्सवॅगनची पहिली क्राफ्टर मर्सिडीजच्याच कारखान्यांत तयार होई. तो करार संपल्यावर फोक्सवॅगनने स्वतःची नवी क्राफ्टर काढली, आणि आता तीच गाडी समूहातली मान कंपनी टीजीई या नावाने विकते.

फोक्सवॅगन समूहाचा हाच संसार संभाजीनगरच्या जालना रस्त्यावर शेंद्र्यातही थाटलेला आहे. 2001 मध्ये स्कोडाने इथे ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. काही वर्षांनी त्याच आवारात फोक्सवॅगन आणि आउडीच्या गाड्याही जुळू लागल्या. स्कोडा लॉरा आणि फोक्सवॅगन जेट्टा यांचा सांगाडा एका घराण्याचा आणि जुळणीही एकाच आवारातली. शोरूममध्ये मात्र दोघी समोरासमोर. लॉराची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती खरे तर ऑक्टाव्हियाची दुसरी पिढी. पण पहिली ऑक्टाव्हिया भारतात अजून खपत होती, म्हणून 2005 मध्ये नव्या गाडीला वेगळे नाव दिले गेले आणि आई व मुलगी एकाच दुकानात शेजारी उभ्या राहिल्या. 2013 मध्ये पुढच्या पिढीला ऑक्टाव्हिया हे नाव परत मिळाले.

समूहाच्या चाकणच्या कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर झाले. 2010 मध्ये फोक्सवॅगनची व्हेंटो आली, 2011 मध्ये स्कोडाची रॅपिड, आणि बाजूने पाहिले तर दोघी जुळ्या बहिणीच वाटत. 2019 मध्ये समूहाच्या भारतातल्या कंपन्या एकत्र होऊन स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया झाली. कुशाक-टायगुन आणि स्लाव्हिया-व्हर्टस या पुढच्या जोड्यांचे इंजिन आणि सांगाडा एकच राहिला, पण बाहेरचा पत्रा आणि आतली मांडणी स्वतंत्र ठेवली गेली. हा बदल चांगला आहे. नुसता बिल्ला बदलून दुसरी किंमत लावण्यापेक्षा ग्राहकाला खरोखर काहीतरी वेगळे देणे अधिक प्रामाणिक आहे. मात्र दोन्ही नावांचे विक्रेते वेगळेच राहिले. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांसाठी दोन विक्रेते सवलतींची चढाओढ करतात, तेव्हा घासाघीस करणाऱ्या ग्राहकाचे चांगलेच फावते.

आता संभाजीनगरच्या दुसऱ्या अंगाला, बिडकीनमध्ये, टोयोटा येऊ घातली आहे. सुमारे 20,000 कोटी रुपयांच्या कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्करने 31 जुलै 2024 रोजी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. भारतात बिल्ला बदलण्याचा व्यवहार सध्या सर्वांत उघडपणे टोयोटा आणि सुझुकीच करतात. मारुती सुझुकीच्या बलेनोची टोयोटा ग्लान्झा झाली, एर्टिगाची रुमिऑन झाली, आणि उलट दिशेने टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीच्या शोरूममध्ये इन्व्हिक्टो म्हणून उभी राहिली. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन्ही गाड्या कर्नाटकात बिडदीला टोयोटाच्याच कारखान्यात तयार झाल्या.

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्यातल्या लहान पुरवठादारांसाठी या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. एकच कंस किंवा एकच नळी दोन नावांच्या गाड्यांना लागली तर ऑर्डर मोठी होते, यंत्र दोन पाळ्यांत चालते, नवे कामगार घेता येतात. पण तो सांगाडा बंद करायचे ठरले की दोन्ही नावांचे काम एकाच दिवशी थांबते. बिडकीनच्या भरवशावर नवे यंत्र घ्यायला निघालेल्या कारखानदाराने गाडीवरच्या नावांबरोबर त्या सांगाड्याचे आयुष्य किती वर्षांचे आहे, हेही करार करतानाच लेखी विचारून घ्यायला हवे.