खोकला, टीबी आणि फुप्फुसाचा कॅन्सर

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र घरातला आहे.

आमचं गाव पडघा, मुंबई-नाशिक हायवेवरचं. माझे मोठे काका ट्रक चालवायचे. रात्री जागायला बिडी लागतेच, असं त्यांचं म्हणणं. एका पावसाळ्यात खोकला धरला तो दिवाळी आली तरी जाईना. एक्स-रेमध्ये डाग दिसला आणि थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यात चार महिने गेले. आपल्याकडे असं बऱ्याचदा होतं, कारण खोकला, वजन उतरणं, थुंकीतून रक्त हे दोन्ही आजारांत सारखंच, आणि एक्स-रेवरचा डागही फसवतो. रक्त पडलं तेव्हा एसटीने कल्याण, तिथून लोकलने परळ, टाटा मेमोरियल. तिथे सीटी स्कॅन आणि बायॉप्सी झाली, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे की नाही हे तो तुकडा ठरवतो, फोटो नाही.

आता आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत. पेशींचं विभाजन ही एक कंट्रोल सिस्टिम आहे. धुरातली केमिकल्स डीएनए बिघडवतात, ब्रेक लावणारी जीन्स बंद पडतात आणि विभाजन थांबतच नाही. सिगारेटशी याचा संबंध डॉल आणि हिल यांनी १९५० मध्येच दाखवला होता. पण न ओढणाऱ्यांनाही हा होतो : चुलीचा धूर, डिझेलचा धूर, ॲस्बेस्टॉस. (काकांच्या नशिबी बिडी आणि डिझेल दोन्ही.)

डॉक्टर लोक 'पॅक-इयर' मोजतात. रोजची पाकिटं, वीस सिगारेटींचं एक धरून, गुणिले वर्षं. अमेरिकेत ३० पॅक-इयरच्या वरच्या, ५५ ते ७४ वयाच्या लोकांचे दरवर्षी कमी डोसचे सीटी स्कॅन केले. २०११ मध्ये निकाल आला : साधा एक्स-रे काढलेल्यांपेक्षा या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी.

गाठ लहान आणि एकाच जागी असेल तर ऑपरेशन. पसरली असेल तर केमो, रेडिएशन. काहींच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल सापडतो, त्यांना रोजची गोळी चालते. म्हणून बायॉप्सीनंतर जीनच्या टेस्टबद्दल विचारायलाच हवं. काकांच्या गाठीत तो बदल नव्हता. दर तीन आठवड्यांनी केमोसाठी परळची वारी चालू आहे.

परवा हॉस्टेलच्या गच्चीवर मी रूममेटचा हिशेब काढला. रोज दहा, तीन वर्षं, म्हणजे दीड पॅक-इयर. तो हसला. सोडायला मदत करणारा फुकट नंबर पाकिटावरच छापलेला असतो, १८००-११-२३५६. त्याने अजून लावलेला नाही. पण गेल्या रविवारी काकांना भेटायला तो माझ्याबरोबर पडघ्याला आला होता.