घरच्या टांक्याचें माप

खाप्याला कन्हान नदी अगदीं उशाशीं आहे. तेव्हां पावसाचें पाणी घरांत सांठविण्याचा विषय खाप्याच्या माणसानें कां काढावा, असें आपणांस वाटेल. परंतु वैशाखांत रिकाम्या बादल्या मांडून नळाकडे डोळे लावण्याची पाळी नदीकांठच्या घरावरही येते. आणि श्रावणांत त्याच घराच्या वळचणीचें पाणी गटारांतून वाहून जातें.

कल्पना नवी मुळींच नव्हे. मुंबईजवळ कान्हेरीच्या डोंगरांत शंभराहून अधिक लेणीं आहेत. त्यांतील अनेक लेण्यांच्या दाराशींच खडकांत टांकें कोरलेलें असून, माथ्यावरचें पाणी त्यांत आणणाऱ्या पन्हळीही खडकांतच खोदलेल्या आहेत. म्हणजे बिऱ्हाड तेथें टांकें! अहमदाबादच्या पोळींतील जुन्या घरांच्या चौकाखालींही अशीं टांकीं आहेत.

आतां टांकें केवढें असावें? येथेंच बहुतेकांची चूक होते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी मिळतें. नागपुराकडे वर्षाचा पाऊस सरासरीनें ११०० मिलिमीटरच्या आसपास; तेव्हां ५० चौरस मीटरच्या छपरावर ५५,००० लिटर पडतात, आणि पांचवा हिस्सा वायां गेला तरी ४४,००० उरतात. हा आंकडा ऐकून गृहस्थ एक तर प्रचंड टांक्याचे बेत करतो, नाहीं तर खर्चास भिऊन विषयच सोडतो. खरें माप पावसावरून नव्हे, कोरड्या दिवसांवरून काढावें. पिण्यास व स्वयंपाकास माणशीं रोज ५ लिटर धरा. पांच माणसांस २५ लिटर. आश्विनापासून मृगापर्यंत सुमारें २५० दिवस. म्हणजे ६,२५० लिटर झाले. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद व पावणेदोन मीटर खोल एवढें टांकें त्यास पुरतें. धुण्याभांड्यांस मात्र हें पाणी वापरावयाचें नाहीं, हें घरांतील सर्वांनीं आधींच मान्य केलें पाहिजे. आमच्या घरीं टांक्याच्या बांधकामापेक्षां या कराराला अधिक वेळ लागला.

जागेविषयीं स्वतःची फजितीच सांगतों. आमच्या भागांतील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. माझें पहिलें टांकें मीं याच मातींत पुरलें. मुरूम लागेपर्यंत खणूं या, असें गवंडी म्हणत होता. खर्चाकडे पाहून मींच नको म्हटलें. दसऱ्याला कांठोकांठ भरलेलें टांकें पौषांत अर्ध्यावर आलें आणि होळीला कोरडें पडलें. भिंतीला केसाएवढी चीर गेली होती! काळ्या मातींत प्लास्टिकची टांकी पुरणेंही जपून करावें. भोंवतालीं पाणी मुरलें आणि टांकी रिकामी असली, तर ती वर उचलली जाते.

आतांचें टांकें जमिनीवर, पक्क्या चौथऱ्यावर, घराच्या उत्तरेस सावलींत आहे. भरल्यावर त्याचें पाणीच सात टन वजनाचें होतें, म्हणून चौथऱ्यांत काटकसर केली नाहीं. आंत उजेड शिरला कीं शेवाळ धरतें. यास्तव झांकण घट्ट हवें. वाफेची वाट व जादा पाण्याची नळी, दोहोंच्या तोंडांस बारीक जाळी बसवावी. नाहीं तर डासांची पैदास होऊन घरांत डेंग्यूस आमंत्रण. जादा पाण्याची नळी येणाऱ्या नळीहून लहान नको. तें पाणी विहिरीकडे सोडावें, पण गाळूनच.

पहिल्या पावसाचें पाणी टांक्यांत घेऊं नये. छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, सारें त्यांत उतरतें. मृगाच्या पहिल्या एकदोन सरी बाहेर सोडाव्या, आणि पुढेंही मध्यें आठवडाभर उघाड पडली तर आरंभींचें शंभर लिटर पाणी सोडावें. त्यासाठीं नळीला एक निराळी तोटी ठेवली म्हणजे काम भागतें. पुढें वाळू व खडी यांतून पाणी टांक्यांत यावें. एवढें करूनही पिण्याचें पाणी उकळूनच घ्यावें.

ज्येष्ठांत टांक्याचा तळ लागला कीं मी नातवाला ब्रश देऊन आंत उतरवितों व स्वतः तोंडाशीं बसून राहतों. एकट्यानें टांक्यांत कोणीं उतरूं नये. त्याच दिवशीं पन्हळींतील पाचोळाही काढून होतो.