यंत्रें पाहण्याची सहल

लहान मुलाला हत्ती कां आवडतो, हें सांगण्यास मानसशास्त्राचा आधार घ्यावा लागत नाहीं. हत्ती प्रचंड असतो, त्याची सोंड हवें तें उचलते, आणि एवढ्या थोरल्या प्राण्याला त्याच्या मानेवर बसलेला एक साधा माणूस हवें तसें वागवितो. माती खोदणारें यंत्र आजच्या मुलाला आवडतें तेंहि याच कारणानें. पूर्वीं हत्ती आला म्हणजे साऱ्या गांवाचीं मुलें त्याच्यामागें धांवत; आज अंबरनाथजवळच्या पालेगांवांत पिंवळें यंत्र रस्त्याच्या कडेला उभें राहिलें कीं तोच प्रकार घडतो. पालेगांवाच्या परिसरांत उंच इमारती उठल्या आहेत व आणखी उठत आहेत. त्यामुळें पत्र्याच्या कुंपणाच्या फटीला डोळा लावून उभें राहिलेलें सहा-सात वर्षांचें मूल हें तेथें नवलाचें दृश्य नव्हे. घरीं आल्यावर तें मूल विचारतें, "मला तें चालवायला कधीं मिळेल?" आणि वडीलमाणसें "पुढें पाहूं" म्हणून सुटका करून घेतात. परंतु या प्रश्नाचें उत्तर इतकें लांबणीवर टाकण्याचें कारण नाहीं. तें एका सुटीच्या दिवसांत बरेंचसें देतां येतें. मात्र त्या दिवसाची आखणी नीट झाली पाहिजे.

या प्रश्नाचें सरळ उत्तर इंग्लंडांत एका व्यवसायानें दिलें आहे. बांधकामाचीं यंत्रें भाड्यानें देणाऱ्या एका कंपनीनें 2000 सालीं केंट परगण्यांतील स्ट्रूड येथें 'डिगरलँड' नांवाचें उद्यान उघडलें. पुढें डेव्हन, डरॅम व यॉर्कशायर येथेंहि त्याच्या शाखा निघाल्या, आणि 2014 सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत तशाच प्रकारचें उद्यान झालें. या उद्यानांत पाळणे व घसरगुंड्या यांपेक्षां खऱ्या यंत्रांना अधिक मान आहे. मुलें खोदयंत्राच्या आसनावर बसतात, दांडे हलवितात, फावड्यानें माती उचलतात आणि पुन्हां टाकतात. मुलाला एकट्यानें बसूं द्यावें कीं वडीलमाणसाबरोबर, हें त्याच्या उंचीवरून ठरतें. पालेगांवच्या कुटुंबाला हें ठिकाण अर्थातच रविवारीं जाऊन येण्याजोगें नाहीं. तथापि तेथें मुलाला काय मिळतें याचा विचार केला तर तीन गोष्टी निघतात: यंत्राची ओळख, त्याच्या शक्तीचें मर्म, आणि स्वतःच्या हातानें तें मर्म अनुभवण्याचा आनंद. या तीनहि गोष्टी घराजवळ मिळवितां येतात.

पहिली गोष्ट ओळखीची. मुलाच्या तोंडीं सर्वच पिंवळ्या यंत्रांना 'जेसीबी' हें एकच नांव असतें. तें नांव एका माणसाचें आहे, हें सांगितलें तर त्याला गंमत वाटेल. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थानें 1945 सालीं स्टॅफर्डशायरमधील अटॉक्सेटर गांवीं, भाड्यानें घेतलेल्या एका लहानशा गाळ्यांत, युद्धांतील टाकाऊ सामानापासून माल ओतून देणारी एक गाडी तयार केली. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें पुढें जगभर गेलीं. हिंदुस्थानांत या कंपनीचा कारखाना 1979 सालीं हरियाणांतील बल्लभगड येथें सुरू झाला, आणि पुण्याजवळ तळेगांवच्या बाजूसहि तिचा कारखाना आहे. वास्तविक जेसीबी म्हणून ओळखलें जाणारें नेहमींचें यंत्र म्हणजे दोन यंत्रांचा संयोग होय. पुढें माती लोटणारें व उचलणारें रुंद सूप, मागें खणणारा लांब हात, आणि खाली चार चाकें. खणतांना तें मागचे दोन पाय जमिनीवर टेकून घट्ट उभें राहतें, कारण तसें न केल्यास हात खेंचतांना यंत्रच पुढेंमागें सरकेल. ज्याला चाकांऐवजीं रणगाड्यासारखे साखळपट्टे असतात आणि ज्याचा वरचा भाग जागच्या जागीं पूर्ण वर्तुळांत फिरतो, त्याला आपल्याकडे 'पोकलेन' म्हणतात. हाहि शब्द मूळचा एका कंपनीचाच; फ्रान्समधील पोक्लें या कारखान्याचें नांव मराठी मजुरांच्या व मुकादमांच्या जिभेवर बसून मराठी झालें. रस्त्यावरून जातांना मुलानें चाकें व पट्टे पाहून हा भेद ओळखावा, एवढें साधलें तरी सहलीची अर्धी तयारी झाली.

दुसरी गोष्ट शक्तीच्या मर्माची. एका माणसाच्या मनगटाच्या हालचालीनें एवढा लोखंडी हात कसा उचलतो? त्या हाताला जोडलेले चकचकीत दांडे मुलानें पाहिलेले असतात. ते दांडे ज्या नळकांड्यांत आंतबाहेर करतात त्यांत तेल असतें. इंजिन पंप चालवितें, पंप तेलाला रेटतो, आणि तेल नळकांड्यांतील दट्ट्याला ढकलतें. द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यानें सतराव्या शतकांत सांगितला. आजचें खोदयंत्र त्या नियमावरच उभें आहे.

सहलीच्या आदल्या संध्याकाळीं हा नियम घरींच दाखवावा. सुई नसलेल्या दोन कोऱ्या पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, औषधांच्या दुकानांत मिळतात. त्यांच्या तोंडांना बारीक रबरी नळी जोडावी, आंत रंगीत पाणी भरावें आणि हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबला कीं मोठीचा दट्ट्या वर येतो. आतां मोठ्या दट्ट्यावर मुलाच्या धाकट्या बहिणीनें बोट ठेवून तो रोखण्याचा प्रयत्न करावा. तिला तो आंवरत नाहीं. मोठ्या दट्ट्याचा व्यास लहानाच्या दुप्पट असेल तर त्याचें क्षेत्रफळ चौपट होतें आणि जोरहि चौपट मिळतो. व्यास दसपट असेल तर जोर शंभरपट! परंतु निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. जोर चौपट मिळाला तर दट्ट्या सरकतो मात्र एकचतुर्थांश. यंत्राचा हात बलवान असूनहि संथ कां, याचें उत्तर मुलाला येथें मिळतें; आणि तें त्याच्या बोटाला कळलेलें असल्यामुळें तें विसरत नाहीं.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष दिवसाची. पालेगांवच्या कुटुंबाला सोयीचें ठिकाण म्हणजे मुंबईंत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्र. 1979 हें आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतें. त्या वर्षीं येथील विज्ञान उद्यान मुलांसाठीं खुलें झालें, आणि 1985 सालीं मुख्य केंद्र सुरू झालें. येथें वाफेचें जुनें आगगाडीचें इंजिन आहे, मुंबईच्या रस्त्यांवरून 1964 सालीं नाहींशी झालेली ट्राम आहे, आणि खेळतां खेळतां विज्ञानाचे नियम हातांनीं अनुभवावेत अशी साधनें आहेत. 'हात लावूं नये' ही पाटी वाचून कंटाळलेल्या मुलाला असें ठिकाण म्हणजे पर्वणीच. येथें खोदयंत्र चालवावयास मिळणार नाहीं, हें मात्र निघण्यापूर्वींच मुलाला स्वच्छ सांगावें. खोट्या आशेवर नेलेलें मूल दिवसभर रुसून बसतें, आणि तो दोष त्याचा नसतो.

अंबरनाथ स्थानक मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून 60 किलोमीटरांवर आहे. अंबरनाथहूनच सुटणारी लोकल धरल्यास आजीला व मुलांना बसावयास जागा मिळते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धिमी गाडी घ्यावी. प्रभादेवी, लोअर परळ आणि मग महालक्ष्मी, असें तिसरेंच स्थानक लागतें. रविवारीं दुरुस्तीसाठीं मेगाब्लॉक असतो, म्हणून आदल्या दिवशीं त्याची चौकशी करावी. शनिवारची किंवा सणावांचून आलेली सुटी मिळाली तर ती अधिक बरी. परतीस कचेऱ्या सुटण्याची वेळ टाळावी. हिंवाळा हा या सहलीचा ऋतु. पावसाळ्यांत उद्यानाचा अर्धा आनंद वाहून जातो. बरोबर पाण्याची बाटली, दशम्या व कोरडी चटणी असावी, आणि एक वही अवश्य असावी. पाहिलेल्या प्रत्येक यंत्रांत जोर कोठून येतो व तो कोठें जातो, एवढेंच मुलानें बाणांनीं काढून दाखवावें. पांच यंत्रें नीट पाहून झालीं कीं थांबावें. सर्व दालनें पुरीं करण्याचा हट्ट वडीलमाणसांचा असतो, मुलांचा नसतो.

ज्यांना मुंबईचा प्रवास झेपत नाहीं त्यांनीं अर्ध्या दिवसाची सहल अंबरनाथच्या शिवमंदिराची करावी. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलें, शिलाहारांच्या काळचें हें मंदिर यंत्रांच्या सहलींत कसें, असें कोणी विचारील. पण मुलाला तेथें उभें करून एवढेंच पुसावें: इंजिन नव्हतें, तेल नव्हतें, मग हे दगड वर कसे गेले असतील? तरफ, उतार, दोर, आणि माणसांचें व जनावरांचें बळ, एवढ्याच साधनांतून उत्तर शोधावयाचें आहे. असा अर्धा तास विचार केलेलें मूल घरीं परततांना पोकलेनकडे निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागतें.

आतां या विषयाचा गंभीर भाग. ज्या मुलाला यंत्र आवडतें तें यंत्राजवळ जाणार, आणि कामाची जागा ही उद्यान नव्हे. पोकलेनचा वरचा भाग फिरतो तेव्हां मागचें वजनदार धूडहि फिरतें. तें आणि भिंत यांच्यामधली जागा एका क्षणांत नाहींशी होते. चालकाला आसनावरून चोहोंकडचें दिसत नाहीं. उंचीनें लहान असलेलें मूल तर त्याच्या दृष्टीच्या टापूंतच येत नाहीं. काम बंद असलेल्या दिवशीं यंत्र निजलेलें असतें, पण खणलेला खड्डा निजत नाहीं; त्याची कड मुलाच्या वजनानेंहि ढांसळूं शकते. म्हणून घरांत एक नियम असावा: जोंवर चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नाहीं, तोंवर त्याला आपण दिसत नाहीं, आणि चेहरा दिसला तरी कुंपण ओलांडावयाचें नाहीं. नुसतें "जाऊं नको" म्हणण्यापेक्षां कारणासह सांगितलेला हा नियम मूल अधिक पाळतें, कारण यंत्राचा जाणकार म्हणून त्याला तो पटतो.

कुंपणाच्या आंत मात्र कांहीं मुलें असतातच. तीं बांधकाम मजुरांचीं. त्यांच्या दृष्टीनें तो पत्र्याआडचा परिसर म्हणजे घर व अंगण. या मुलांसाठीं 1969 सालीं दिल्लींत मीरा महादेवन यांनीं 'मोबाईल क्रेश' हें फिरतें पाळणाघर सुरू केलें, आणि 1972 पासून तें कार्य मुंबईंतहि होऊं लागलें. पुढें 1996 सालच्या बांधकाम कामगारांच्या कायद्यानें, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथें त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली ठेवण्याची जबाबदारी मालकावर घातली. आपल्या मुलाला यंत्रें दाखविणाऱ्या आईवडिलांनीं, शेजारच्या कामावर अशी खोली आहे कीं नाहीं, एवढी चौकशी केली तर ती सहलीच्या बाहेरची गोष्ट ठरूं नये. पिचकाऱ्यांचा खेळ त्या मुलांनाहि तितकाच आवडेल.

सहलीहून परत येतांना दिवस मावळलेला असतो. पालेगांवच्या कोपऱ्यावर काम आटोपून पोकलेन उभें असतें, त्याचा हात जमिनीवर टेंकलेला असतो. मूल विचारील, "हात खालीं कां ठेवला?" वडिलांनीं लगेच उत्तर देऊं नये. आदल्या रात्रीची पिचकारी आठवण्यास त्याला अवकाश द्यावा. दाब सुटला तर वर राहिलेला हात खालीं येईल, म्हणून चालकानें घरीं जाण्यापूर्वीं तो आपण होऊनच खालीं टेंकविला, हें तें मूल कुंपणापासून चार पावलें दूर उभें राहून स्वतः सांगूं लागलें, म्हणजे तो दिवस कारणीं लागला असें समजावें.