पोकर: तीन पत्तीच्या सवयीतून आलेले गैरसमज

पोकरच्या सर्वांत लोकप्रिय प्रकारात, टेक्सस होल्डेममध्ये, प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात आणि टेबलावर पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी आणखी एक (रिव्हर). या सातांपैकी सर्वोत्तम पाचांची जुळणी मोजली जाते. हातातली दोन्ही पाने वापरलीच पाहिजेत, हा गैरसमज. एक वापरले किंवा एकही नाही, तरी चालते. टेबलावरची पाचच सर्वांत वरचढ ठरली, तर शेवटपर्यंत टिकलेल्यांत रक्कम सारखी वाटली जाते.

तीन पत्ती खेळणारे सर्वाधिक फसतात ते क्रमवारीत. तिथे सिक्वेन्स कलरला हरवतो. पोकरमध्ये कलर म्हणजे फ्लश हा सिक्वेन्सच्या म्हणजे स्ट्रेटच्या वर. हा लहरीपणा नव्हे. या दोघांत दोन्ही खेळांमध्ये दुर्मीळ जुळणी मोठी ठरते. पानांची संख्या बदलली की दुर्मीळता बदलते. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. पाच पाने २५,९८,९६० प्रकारे येतात; त्यांत साधे स्ट्रेट १०,२००, फ्लश मात्र ५,१०८. हे गणित एकदा पटले की क्रम पाठ करण्याचे ओझे उरत नाही: स्ट्रेट फ्लश, चार सारखी, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), फ्लश, स्ट्रेट, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, शेवटी नुसते मोठे पान.

एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या क्रमांकाचा सिक्वेन्स मानतात. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा स्ट्रेट सर्वांत लहान असतो. इस्पिक बदामपेक्षा श्रेष्ठ, हेही इथे लागू नाही. चारही रंग समान. दोघांकडे एक्क्यांची जोडी असेल तर निकाल उरलेल्या मोठ्या पानावर लागतो, त्याला किकर म्हणतात.

‘ब्लाइंड’ म्हणजे पाने न बघता खेळणे नव्हे. डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पाने वाटण्याआधी भरायची ती सक्तीची रक्कम आहे. पाने सगळेच बघतात.

पैसे कमी पडले म्हणून डाव सोडावा लागतो, हा समजही खोटा. खेळाडू जवळचे सगळे लावून ‘ऑल-इन’ होतो आणि प्रत्येकाकडून तेवढ्याच रकमेपुरता जिंकू शकतो. त्यावरची रक्कम वेगळ्या साइड पॉटमध्ये जाते. तिच्यावर हक्क फक्त ती भरणाऱ्यांचा.