एकच खेळ, देशोदेशीचे भाव

विक्रोळीचे नाव काढले की पुष्कळांना गोदरेजचे कपाट आठवते. आर्देशिर गोदरेज यांनी 1897 साली लालबागेत कुलुपे करायला सुरुवात केली. पुढे तो पसारा वाढत विक्रोळीला आला. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या इथेच तयार झाल्या. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते मात्र एका निराळ्या कुलपाविषयी. ते लोखंडाचे नाही, डोळ्यांना दिसतही नाही. परंतु विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या पोरापासून आपल्या तालुक्याच्या गावातल्या पोरापर्यंत, संगणकावर खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडते. मुले मग गुरुजींना विचारतात, आणि गुरुजींची पंचाईत होते.

आधी वस्तू कोणती ते पाहू. पूर्वी संगणकाचा खेळ तबकडीवर, म्हणजे सीडी-डीव्हीडीवर मिळे. आता तो बहुधा इंटरनेटवरून उतरवून घेतात. त्यासाठी मोठाली दुकाने आहेत, पण त्यांना दार नाही की फळी नाही. त्यांपैकी एक मोठे दुकान म्हणजे स्टीम. अमेरिकेतल्या व्हॉल्व कंपनीने ते 2003 साली काढले. आपण तिथे खाते उघडायचे, पैसे भरायचे, की खेळ आपल्या खात्यावर जमा होतो. गंमत अशी, की हाच खेळ अमेरिकेत एका भावाला, भारतात दुसऱ्या आणि ब्राझीलमध्ये तिसऱ्या. माल तोच. मग भाव निराळा का?

गुरुजींना फळ्यावर मांडता येईल असा एक हिशेब सांगतो. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, अमेरिकेत खेळाची किंमत 60 डॉलर. डॉलरला 80 रुपये धरले तर झाले 4,800 रुपये. आपल्याकडच्या हजार मुलांपैकी एवढे पैसे मोजणारी निघतील पाच. कंपनीला मिळाले 24,000. आता तोच खेळ 1,200 रुपयांना ठेवला आणि शंभर मुलांनी घेतला, तर मिळाले 1,20,000. पाचपट! दुधाच्या बाबतीत असे करता येणार नाही, कारण प्रत्येक लिटरमागे वैरण आणि पेंड लागते. खेळ तयार करायला खर्च प्रचंड येतो खरा, पण तो एकदाच. पुढची एकेक प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून कमी भावातही नफा उरतो. तेव्हा स्वस्त भाव हा कुणी आपल्यावर केलेला उपकार नव्हे. तो व्यापाऱ्याचा हिशेब आहे. स्टीमने नोव्हेंबर 2015 मध्ये भारतात रुपयांत भाव लावायला सुरुवात केली, तीही याच हिशेबाने. त्यापूर्वी आपल्या मुलांनाही डॉलरच मोजावे लागत.

सगळेच विक्रेते हा हिशेब मानतात असे नाही हं. प्लेस्टेशन 5 या यंत्राच्या सुरुवातीच्या काही मोठ्या खेळांना आपल्याकडे 4,999 रुपये पडत, आणि अमेरिकेत 70 डॉलर. म्हणजे सवलत जवळपास नाहीच.

आता कुलूप कुठे आले? समजा, आपल्या कन्नमवार नगरातल्या मुलाचा आतेभाऊ न्यू जर्सीत राहतो. तो म्हणतो, "अरे, तुझ्याकडे खेळ स्वस्त आहे ना? तू विकत घे आणि मला भेट म्हणून पाठव, मी पैसे देतो." मुलगा म्हणतो, "दादा, आत्ता पाठवतो." दुकान मात्र नकार देते. का? हजारो आतेभावांनी असेच केले, तर अमेरिकेत 4,800 रुपये कोण मोजेल? मग कंपनीपुढे दोनच वाटा राहतात: एकतर स्वस्त माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर स्वस्त भावच बंद करायचा. पहिल्या वाटेचे नाव प्रादेशिक कुलूप.

मुंबईच्या वेशीवरचा मुलुंडचा जकात नाका आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि जकात गेली. तोवर मालमोटारींच्या रांगा तिथे लागत. इथे मालमोटार नसते, म्हणून नाका खात्यातच बसवलेला असतो. खाते कोणत्या देशाचे, पैसे कोणत्या देशाच्या कार्डावरून आले, इंटरनेटची जोडणी कुठून आहे, हे तो तपासतो. कधी खरेदीच अडवतो. कधी खरेदी होऊ देतो, पण खेळाची किल्ली, म्हणजे अक्षरे-आकड्यांची एक लांबलचक ओळ, दुसऱ्या देशातल्या खात्यावर चालू देत नाही. आणि क्वचित असेही असते, की खेळ खात्यावर जमा असतो, पण त्या देशात तो सुरूच होत नाही. ही कल्पना तशी जुनी आहे. डीव्हीडीच्या काळात जगाचे सहा मुख्य विभाग पाडले होते, भारत पाचव्यात. अमेरिकेची तबकडी पहिल्या विभागाची, ती आपल्या यंत्रात लागत नसे. व्यवहारात मात्र गल्लोगल्ली सगळे विभाग वाचणारी यंत्रे मिळत, हेही सांगितले पाहिजे.

शिक्षक श्रोत्यांना याचे आणखी जवळचे उदाहरण ठाऊक असेल. परदेशी प्रकाशकांची कॉलेजची इंग्रजी पुस्तके आपल्याकडे स्वस्त आवृत्तीत मिळतात, आणि ही प्रत फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी आहे अशी सूचना मलपृष्ठावर असते. ही पुस्तके बाहेर नेऊन विकावीत का, यावर कोर्टकज्जे झाले. 2010 साली दिल्ली उच्च न्यायालयाने अशी आवृत्ती इथून परदेशी विकायला मनाई केली. 2013 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमके उलट ठरवले: थायलंडहून स्वस्त पुस्तके मागवून अमेरिकेत विकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. पुस्तक विकत घेतले की ते तुमचे, असा त्याचा अर्थ. डिजिटल खेळाचे तसे नाही. आपण घेतो तो केवळ वापराचा परवाना, आणि तो दुसऱ्याला विकता येत नाही. हा भेद मुलांना आवर्जून समजावून द्यावा. युरोपातही हा वाद पेटला. पोलंड, हंगेरीसारख्या देशांत घेतलेली किल्ली इतर देशांत चालू नये अशी सोय केली म्हणून युरोपीय आयोगाने जानेवारी 2021 मध्ये व्हॉल्व आणि पाच खेळ-प्रकाशकांना मिळून 78 लाख युरोंचा दंड केला. एकाच बाजारपेठेच्या पोटात असे नाके बसवता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

कुलूप फोडणारेही आहेतच. व्हीपीएन नावाच्या साधनाने आपण दुसऱ्याच देशात आहोत असे भासवता येते. अर्जेंटिना आणि तुर्कस्तान इथले भाव फार कमी, म्हणून जगभरच्या लोकांनी तिथले पत्ते सांगून खाती काढली. स्टीमने देश बदलण्यावर निर्बंध घातले. शेवटी 20 नोव्हेंबर 2023 पासून या दोन्ही देशांतले स्थानिक चलनातले भाव बंद होऊन डॉलर आले. चलनाचा दर सारखा कोसळतो, हे कंपनीने दिलेले कारण. आणि ते खोटे नव्हते. परंतु खोट्या पत्त्यांचा सुळसुळाट नसता तर गोष्ट इतकी ताणली गेली असती का, अशी शंका मला येते. बाहेरच्या लोकांनी मजा केली. पुढे महाग खेळ विकत घ्यायची पाळी ब्यूनस आयर्सच्या विद्यार्थ्यावर आली.

म्हणून कुलपाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. आपला रुपयातला भाव टिकतो तो काही अंशी त्याच्याच आधाराने. पण जिथे दुकानच नाही, तिथे नुसते कुलूप राहते, आणि ते मला मुळीच पटत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ केला. प्राचीन भारतातली एक मुलगी राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, अशी ती कथा. ऑगस्ट 2020 मध्ये तो प्रथम निन्टेन्डो स्विच या जपानी यंत्रावर आला. त्या यंत्राचे अधिकृत दुकान तेव्हा भारतात नव्हतेच! पुण्यात घडलेला खेळ पुण्याच्या मुलाला सरळ मार्गाने मिळाला तो ऑक्टोबरमध्ये, इतर यंत्रांवर आणि संगणकांवर आल्यानंतर.

आता घरात कुणी खेळ घ्यायचा म्हणत असेल तर एवढे पाहावे. भाव रुपयांत आहे का, आणि खात्यावर देश भारतच आहे का? कुणी तिऱ्हाईत फार स्वस्तात किल्ली देतो म्हणाला, तर ती कोणत्या देशाची, हे आधी विचारावे. ती आपल्या खात्यावर चालली नाही तर पैसे परत मिळवायला जायचे कुठे? खोटा देश सांगितल्याचे उघडकीस आले तर खाते गोठवले जाऊ शकते, आणि त्यावरचे आधीचे खेळही त्यात अडकतात. खात्यावरचा देश एकदा बदलला की स्टीमवर तो तीन महिन्यांच्या आत पुन्हा बदलता येत नाही, आणि बदलतानाही त्या देशातल्या कार्डावरून पैसे भरावे लागतात.