‘वेंट’ कुठे, ‘गॉन’ कुठे?

इंदूर-बैतूल रस्त्यावरचं कन्नौद हे देवास जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. होळकर-पवारांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या इथल्या मराठी घरांतलं मूल घरी ‘गेलो’ म्हणतं, शाळेत ‘गया’, बाजारात माळवीतून ‘गयो’. पुढे ‘आहे’ किंवा ‘है’ लागलं तरी ते रूप तसंच राहतं. इंग्रजीच्या वहीत मात्र गो, वेंट, गॉन असे तीन रकाने येतात आणि मूल ‘आय हॅव वेंट’ लिहून मोकळं होतं.

याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. मराठीचा भूतकाळ मुळात कृदंतातूनच घडला: ‘गत’पासून गेला, ‘कृत’पासून केला, ‘मृत’पासून मेला. दोन कामं एकाच रूपावर भागली. इंग्रजीने बऱ्याच जुन्या क्रियापदांत ती रूपं वेगळी ठेवली. ‘वेंट’ तर ‘गो’चं मूळचं रूपही नव्हे, ते ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाकडून आलं.

रकाना निवडताना आधी शेजारचं साहाय्यक क्रियापद पाहावं. हॅव, हॅज, हॅड असेल तर तिसरा रकाना; क्रियापद एकटंच भूतकाळ सांगत असेल तर दुसरा. ‘शी सँग’, पण ‘शी हॅज संग’. ‘ही ड्रँक टी’, पण ‘ही हॅज ड्रंक टी’. कर्मणी प्रयोगातही तिसराच: ‘द ग्लास वॉज ब्रोकन’. ‘डिड’ आलं की भूतकाळ त्यानेच उचललेला असतो, म्हणून ‘डिड यू गो’.

खरी अडचण ‘काल’ शब्दापाशी होते. ‘मी त्याला काल पाहिलंय’ हे मराठीत बिनदिक्कत चालतं. त्याच चालीवर ‘आय हॅव सीन हिम येस्टर्डे’ लिहिलं जातं. इंग्रजीत सरलेली ठरावीक वेळ सांगितली की ‘आय सॉ हिम येस्टर्डे’ असंच हवं.

शाळांमधून हे रकाने सुटे घोकून घेतले जातात, तिथेच घोळ होतो. लहान मूल आधी ‘करलं’ म्हणतं. घरात ‘केलं’ कानावर पडत राहतं आणि ते आपोआप सुधारतं. त्याला कुणी तक्ता देत नाही. इंग्रजी क्रियापदंही अख्ख्या वाक्यांतून, मोठ्याने, रोज कानावर पडायला हवीत. ‘आय ब्रोक इट’ आणि ‘आय हॅव ब्रोकन इट’ जोडीने म्हटली की फरक कानाला कळू लागतो.

एक सूट मात्र शिक्षकांनी जरूर द्यावी. ‘गेट’चं तिसरं रूप ब्रिटिश इंग्रजीत ‘गॉट’, अमेरिकेत बहुधा ‘गॉटन’. अमेरिकी मालिका पाहणाऱ्या मुलाने वहीत ‘गॉटन’ लिहिलं, तर त्यावर लाल फुली नको.