कारमध्ये रंगीत टाके: हाताने कुठे घालायचे आणि कुठे अजिबात नाही

महागड्या गाड्यांच्या व्हिडिओत काळ्या लेदरवर लाल किंवा पिवळ्या दोऱ्याचे टाके उठून दिसतात ना, त्याला कॉन्ट्रास्ट स्टिचिंग म्हणतात. हेच काम साध्या गाडीत घरच्या घरी, सुई-दोऱ्याने करता येतं. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. घर साताऱ्याला, आजोळ सांगलीला. आमच्या हॅचबॅकचं स्टिअरिंग आणि गिअरचं कव्हर मी हातानेच शिवलंय. ते बघून भावंडं आणि मित्र विचारतात, "माझ्या गाडीला कुठला रंग चांगला दिसेल?" मी उलट विचारतो, "तुझ्या गाडीत एअरबॅग कुठे कुठे आहेत?" कारण रंग चुकला तर गाडी फक्त वाईट दिसेल. जागा चुकली तर जिवाशी खेळ आहे.

टाके चार प्रकारचे असतात

1. जोडणारा टाका: दोन तुकडे धरून ठेवतो. हा बहुतेक आतल्या बाजूला असतो. त्याला हात लावायचा नाही.

2. शोभेचा टाका: जोडाच्या शेजारून वरून मारलेली टीप. आपल्याला रंग बदलायचा आहे तो याच टाक्याचा.

3. खोटा टाका: बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर दिसणारे टाके म्हणजे साच्यातून काढलेलं प्लास्टिक असतं. तिथे दोराच नसतो.

4. मुद्दाम तुटणारा टाका: हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि सजावटीच्या व्हिडिओत याचं नावही क्वचितच येतं.

तुटण्यासाठीच घातलेला टाका

नवीन गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेल्सना 1 एप्रिल 2021 पासून सक्तीची झाली. काही गाड्यांत याशिवाय पुढच्या सीटच्या कुशीत, दाराकडच्या बाजूला, साइड एअरबॅग असते. ती सीटचं कापड फाडूनच बाहेर येते. त्यासाठी कंपनी त्या ठिकाणची शिवण मुद्दाम कमजोर ठेवते, म्हणजे ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या ताकदीला ती उसवते.

समोरची एअरबॅग साधारण 30 मिलिसेकंदात फुगते. डोळ्याची पापणी लवायला किमान 100 मिलिसेकंद लागतात. साइड एअरबॅगला तर याहूनही कमी वेळ मिळतो, कारण दार आणि माणूस यांच्यात अंतरच थोडं असतं. आता त्या कमजोर शिवणीवर तुम्ही जाड, मजबूत दोऱ्याचे सुंदर टाके घातले तर? एअरबॅग उशिरा बाहेर येईल किंवा भलत्याच दिशेने येईल. चांगली शिलाई हीच तिथे अडचण ठरते.

म्हणून सुई हातात घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावा आणि सीटच्या बाजूला "एअरबॅग" किंवा "एसआरएस" लिहिलेली पट्टी आहे का बघा. सीटखाली पिवळी वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर ते बहुतेक एअरबॅग यंत्रणेचं असतं. त्याला हात लावू नका. गाडीचं मॅन्युअल मोबाइलवर उतरवून घ्या. त्यात एअरबॅगच्या जागा चित्रासकट दिलेल्या असतात.

इथे सुई लावायची नाही: स्टिअरिंगच्या मधलं हॉर्नचं पॅड, शेजारच्या सीटसमोरचा डॅशबोर्ड, साइड एअरबॅग असलेल्या सीटची बाजू आणि सीटबेल्ट.

इथे बिनधास्त शिवा: स्टिअरिंगची गोल कडा, गिअरचं आणि हँडब्रेकचं कव्हर, मधल्या आर्मरेस्टचं कव्हर.

दोरा कसा निवडायचा?

घरातला सुती दोरा नको. तो घाम पितो, उन्हात विटतो आणि लवकर कुजतो. साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, एप्रिल-मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हात भाजेल इतका तापतो. नायलॉन मजबूत असतो, पण कडक ऊन त्याला मानवत नाही. त्यामुळे काचेजवळच्या कामासाठी बाँडेड पॉलिस्टर दोरा घ्या. बाँडेड म्हणजे वरून लेप दिलेला, जो ओढताना पिंजत नाही.

दोऱ्याची जाडी टेक्स या मापात सांगतात. 1000 मीटर दोऱ्याचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा टेक्स. टेक्स 70 चा दोरा साध्या शिवणीला पुरतो. टाके उठून दिसायला हवे असतील तर टेक्स 135 घ्या. रंगाचा अंदाज येत नसेल तर इंटिरिअरचा फोटो काढा आणि त्यावर मोबाइलमध्येच रंगीत रेघ मारून बघा.

हातशिलाई आपल्या भागाला नवी नाही

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: कोल्हापूर, सोलापूर आणि आपले सांगली, सातारा. ही चप्पल खिळे न ठोकता चामड्याच्या वादीने हाताने शिवतात. त्यामुळे आरी कशी धरायची, दोऱ्याला मेण का लावायचं, टाका किती ओढायचा हे दाखवणारा माणूस आपल्याकडे बाजारपेठेत भेटू शकतो. व्हिडिओत हाताला लागणारा ताण कळत नाही, शेजारी बसून बघितलं की कळतो.

मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. चामड्याच्या हातशिलाईची एक जुनी पद्धत वेगळी आहे. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई लावायची आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलट दिशांनी काढायच्या. यात एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून ठेवतात. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप आधीच घेतलेला असतो!

स्टिअरिंग कसं शिवायचं?

1. स्टिअरिंगच्या मापाचं, दोन्ही कडांना तयार फासे असलेलं शिवायचं कव्हर घ्या. स्टिअरिंग खोलायची गरज नाही.

2. रेक्झिनचं कव्हर असेल तर दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवा. ते नरम पडतं आणि ताणून बसतं.

3. दोरा मोजा. 37 सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगचा घेर साधारण 116 सेंटिमीटर होतो. दोरा त्याच्या चौपट, म्हणजे साडेचार मीटरच्या आसपास लागतो. तो चार तुकड्यांत घ्या, नाहीतर निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जाईल.

4. सुई फक्त फाशांखालून काढा. एकदा डावीकडचा फासा, एकदा उजवीकडचा. कव्हरला नवीन भोक पाडू नका.

5. प्रत्येक टाका सारख्याच जोराने ओढा. शेवटी गाठ आत दडवा.

झाल्यावर दोन्ही हातांनी कव्हर पिळून बघा. ते जरासुद्धा सरकलं तर गाडी बाहेर काढू नका. वळणावर स्टिअरिंगऐवजी कव्हरच फिरलं तर काय होईल, हे यवतेश्वरच्या घाटात कळून उपयोग नाही.

गिअरचं कव्हर

आधी फोटो काढा, मग खालची चौकट हळूच वर उचला. क्लिप जिथे असतील तिथेच जोर द्या. कव्हर उलटं करून आतला जोडणारा टाका तसाच ठेवा, फक्त वरची शोभेची टीप उसवा आणि त्याच जुन्या भोकांतून रंगीत दोरा घाला. रेक्झिन म्हणजे लेप दिलेलं कापड. नवीन भोकं जवळजवळ पाडली की ते वहीच्या भोकं पाडलेल्या पानासारखं त्याच रेषेत फाटतं.

आणि सीटचं काय?

साइड एअरबॅग नसेल तर बाहेरून बसवलेलं सीट कव्हर काढून, त्याच्या जुन्या भोकांतून टाके घालता येतील. साइड एअरबॅग असेल तर दुकानात एअरबॅगसाठी बाजूला उघडी जागा किंवा खास कमजोर शिवण असलेलं कव्हर मागा, आणि हवा तो रंग आधीच सांगून शिवून घ्या.

काम संपल्यावर गाडी चालू करा आणि मीटरमधला एअरबॅगचा दिवा बघा. तो काही सेकंदांत विझला पाहिजे. तसाच पेटलेला राहिला तर टाके कितीही छान जमलेले असोत, आधी गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.